तीन-नऊ-चाळीस

नाव विचारलं तर हा आकडे सांगतो: ३-९×४०. पहिले दोन आकडे चित्र किती पट मोठं दिसेल त्याचे, शेवटचा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. रंगाने काळा, लांबीला दीड वीत, वजनाला साधारण चारशे ग्रॅम. रायफलीवर बसणाऱ्या दुर्बिणींच्या खानदानात इतका मिळूनमिसळून राहणारा गडी दुसरा नाही. काडतुसाच्या रायफलीवर बसवा, छऱ्याच्या बंदुकीवर बसवा, सहसा कुरकुरत नाही.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याजवळ, शेतातल्या एका आखाड्यावर तो छऱ्याच्या बंदुकीवर बसलेला असतो. मालक फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. भरतीची तयारी करणारी पोरं त्यांना मामा म्हणतात. बांधाशी मातीचा उंच ढीग, त्याच्यापुढे कागदी निशाण. रानडुकरांनी नि हरणांनी पीक किती का नासवेना, नळी त्यांच्याकडे वळवायची नाही, हा मामांचा पहिला नियम. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, हे ते सालासकट ऐकवतात.

या गड्याचे स्वभाव दोन. तीनवर असतो तेव्हा मोकळाढाकळा: निशाण, ढीग, शेजारची बाभूळ, सगळं एका नजरेत. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालवून घेतो. नऊवर गेला की साहेब होतो. नजरेचा घेर आवळतो, डोळा नेमक्या जागी नसेल तर कडेने काळी चंद्रकोर दाखवतो. उजेडातही हात आखडता. चाळिसाला तिनाने भागा, तेरा मिलिमीटरचा झोत डोळ्यापाशी येतो. नऊने भागा, जेमतेम साडेचार. अंधारात तरण्या माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणून दिवेलागणीला नऊवर चित्र मंद पडतं नि पाच-सहावर पुन्हा उजळतं.

उन्हाळ्यात तर साहेबाची फजितीच. परभणीचं ऊन, खाली उघडी काळी जमीन, आणि निशाण पन्नास मीटरवर.

“मामा, कागद पाण्यावानी हलायलाय.”

“कागद कशाला हलंल? वाफ हलायलीय. कडं फिरव, चारावर ये.”

पोरगा मागचं कडं फिरवतो. तापलेल्या हवेचं हलणंही दुर्बीण नऊ पट मोठं करून दाखवत होती. चारावर ते निवळतं. छातीच्या ठोक्याचंही तेच. नऊवर दुर्बिणीतली नेमाची फुली निशाणाभोवती पिंगा घालते आणि पोरगं बिचकून घोडा हिसकतं. तीनवरही हात तितकाच थरथरतो, फक्त तो चव्हाट्यावर येत नाही.

पण सगळ्यांशी जमवून घेणाऱ्यालाही एखादं घर सोसत नाही. या दुर्बिणीचं ते घर म्हणजे स्प्रिंगची छऱ्याची बंदूक. काडतुसाची रायफल मागे धक्का देते. स्प्रिंगची बंदूक आधी मागे, लगेच पुढे. मागच्या धक्क्यासाठी घडवलेली दुर्बीण या पुढच्या हिसक्याने आतून खिळखिळी होते. दुसरी अडचण अंतराची. काडतुसाच्या रायफलींसाठीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांवर जुळवलेल्या येतात. दहा मीटरवर त्यातून चित्र धूसर, आणि डोकं जरा सरकवलं की फुलीही निशाणावरून सरकते. म्हणून छऱ्याच्या बंदुकीला पुढच्या भिंगाचं कडं फिरवून जवळचं अंतर जुळवता येईल अशी, दोन्हीकडच्या धक्क्याला टिकणारी दुर्बीण घ्यावी. नेम जुळवायच्या, म्हणजे झिरो करण्याच्या टोपीचा एक क्लिक बहुधा पाव मिनिटाचा; मिनिट घड्याळाचं नव्हे, कोनाचं. दहा मीटरवर एका क्लिकने छरा पाऊण मिलिमीटरही सरकत नाही. क्लिक मोजत बसायला ज्याला कंटाळा, त्याला महागडी काचही कामाची नाही.

इतका गुणी असून एका मांडवात मात्र याला प्रवेश नाही. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत मोठं दाखवणारी दुर्बीण बंदुकीवर चालत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, ४५१.४ गुणांनी. त्या रायफलीवर मागे बारीक भोक नि पुढे एक कडी. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने, तिन्ही आसनांत निशाण आहे तेवढंच दिसणार. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.

म्हणून मामा नव्या पोराला पहिले काही महिने उघड्या साइटवरच ठेवतात. मग दुर्बीण देतात, तीही तीनवर लावून. बाजारात मात्र उलटी तऱ्हा: सहा-चोवीस, आठ-बत्तीस असे आकडे पाहून गिऱ्हाईक हरखतं. ‘जास्तीत जास्त किती जवळ दिसतं?’ असं सगळेच विचारतात. शहाण्याने कमीत कमी आकडा विचारावा. रोजचं काम त्यावरच चालतं.