टपालांतून गेलेलें रान

सर्व वनस्पतींचें ज्ञान एका मनुष्याच्या आयुष्यांत मावत नाहीं. म्हणून विद्येचा खरा उपासक आपली ओंजळ दुसऱ्याच्या ओंजळींत रिती करण्यास संकोच करीत नाहीं. अठराव्या शतकांतील वनस्पतिशास्त्रज्ञांचे व्यवहार पाहूं लागलें म्हणजे याचा पदोपदीं प्रत्यय येतो.

स्वीडन देशांतील थोर पंडित लिनीयस यांच्या १७५३ सालच्या ग्रंथानें प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धत रूढ झाली. त्यांचे शिष्य योहान कोनिग हे १७६८ सालीं मद्रासच्या दक्षिणेस तरंगंबाडी येथें डॅनिश मिशनचे वैद्य म्हणून आले. फांदी, फूल व फळ कागदांत दाबून वाळवावें, सोबत टिपण लिहावें आणि जहाज मिळेल तेव्हां युरोपांत धाडावें, हा त्यांचा नित्यक्रम. पत्रोत्तर यावयास वर्ष लोटे. जहाज बुडालें किंवा पेटींत कसर शिरली, तर सारे श्रम पाण्यांत! तरीही परस्परांवरील विश्वासानें हा व्यवहार चालला. तेथील मिशनरी जॉन व रॉटलर आणि स्कॉटिश वैद्य विल्यम रॉक्सबर्ग हेही या मंडळींतलेच.

१७८५ सालीं काकिनाड्याजवळ कोनिग मरण पावले. हयातींत त्यांचा मोठा ग्रंथ निघाला नव्हता. परंतु जातांना आपलीं हस्तलिखितें व नमुने त्यांनीं लंडनच्या जोसेफ बँक्स यांच्या स्वाधीन केले. रॉक्सबर्ग यांनीं तेंच कार्य पुढें नेलें. त्यांनीं एतद्देशीय चिताऱ्यांकडून काढविलेलीं चित्रें बँक्स यांजकडे गेलीं आणि १७९५ पासून कोरोमंडलच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या तीन खंडांत त्यांतील ३०० प्रसिद्ध झालीं. चिताऱ्यांचीं नांवें मात्र ग्रंथावर नाहींत.

वाचकहो, ही कथा समुद्रकांठची खरी. पण ती आमच्या कोहमाऱ्यापर्यंत येऊन पोंचते. उन्हाळ्यांत आमच्या मायबहिणी पहांटेच रानांत जाऊन ज्या पानांचे ७०-७० चे पुडे बांधतात, त्या तेंदूचें शास्त्रीय नांव रॉक्सबर्ग यांनींच त्या ग्रंथांत दिलें. मोहाचें वर्णनही तेथेंच आहे. आणि आमच्या वरणाच्या फोडणींतील गोडलिंबाच्या शास्त्रीय नांवांत लिनीयस यांनीं १७७१ सालीं आपल्या शिष्याचें, कोनिग यांचें, नांव गुंफिलें. तें आजतागायत टिकलें आहे.

रॉक्सबर्ग यांनीं झाडांचीं तेलुगू नांवेंही टिपून ठेविलीं. तीं त्यांस कोणी रानांतल्याच माणसानें सांगितलीं असतील. त्या माणसाचा विचार मनांत आला कीं मला माझी आजी आठवते. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणतें पान तापावर, कोणती साल जखमेवर, कोणतें फळ गुरांस वर्ज्य, हें सर्व तिला मुखोद्गत होतें. ती गेली आणि तिच्याबरोबर तें भांडारही गेलें. कोनिग यांस आपलें संचित सोपविण्यास बँक्स होते. आजीस तसा कोणी लाभला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गांवांत अशा वृद्धा अजून आहेत. सुटींत एखादी डहाळी जुन्या वहींत वाळवा. खालीं गांव, तारीख व आजीनें सांगितलेलें नांव लिहा. ज्यानें सांगितलें त्याचेंही नांव अवश्य लिहा. मग दुसरी तशीच डहाळी कोंकणांतील किंवा खानदेशांतील एखाद्या मित्रास पाठवा आणि त्याच्याकडील मागवा. यास खर्च फारसा नाहीं. चिकाटी मात्र हवी.