रोजचे एक पान

माझ्या कादंबरीसाठी मी अनेक वर्षे मे महिन्याची सुट्टी राखून ठेवली होती. सुट्टी येई, आंबे येत, पाहुणे येत. कादंबरी तेवढी येत नसे. आई विचारी, "कुठवर आलं रे तुझं पुस्तक?" मी म्हणे, "जरा सवड मिळू दे!"

एकदा वर्गात दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगत होतो. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्याआधी भांडवल मिळावे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि उगवत्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसले, आणि पाहणाऱ्यांचा विश्वास बसला.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तुमची कादंबरी किती उगवली?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी जाताना पाय जड झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहाआधी एक पान लिहिले. वाईट होते. तरी संध्याकाळी आईला वाचून दाखवले. तिला आता अक्षर दिसत नव्हते. मग तो नेमच झाला. एखाद्या दिवशी मी टाळाटाळ केली, की ती म्हणे, "काल ती पोर दारात उभी होती. पावसात ठेवू नकोस, आत घे तिला."

पुस्तक पुरे व्हायला दोन वर्षे लागली. आईने अर्धेच ऐकले. मे महिन्याची वाट पाहत बसलो असतो, तर तेवढेही तिच्या कानी पडले नसते.