तीन नंबरचा बावटा

सकाळी जाग आली ती कौलांवर वाजणाऱ्या पावसाने. नोव्हेंबरात पाऊस! रत्नागिरीहून शिडाच्या होड्यांनी मालवणला निघालेल्या आमच्या एन.सी.सी.च्या नाविक तुकडीचा तो तिसरा दिवस. मुक्काम विजयदुर्गला. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला होता. म्हणजे आमच्या २७ फुटी व्हेलर आज खाडीत नुसत्या डुलत राहणार आणि आम्ही शाळेच्या पडवीत ओले कपडे पिळत बसणार!

मला राग आला होता. बावट्याचा नव्हे, आमच्या 'तांडेला'चा. हा आमच्याच वर्गातला, देवगडकडचा गाबिताचा मुलगा. आदल्या दुपारी आम्ही लवकर पोहोचलो, तेव्हा उजेड आहे तोवर देवगड गाठू असा आग्रह मीच धरला होता. त्याने आभाळाकडे पाहिले आणि सरांना म्हणाला, "नको सर, वारा फिरलाय." सरांनी ऐकले. मी मात्र सर्वांसमक्ष बोलून गेलो, "आंग्र्यांच्या बंदरात येऊन भ्यायचं म्हणजे कमाल झाली!" सगळे हसले. तो हसला नाही. आता बावटा पाहिल्यावर माझा राग उतरायला हवा होता; उलट वाढला. खरे सांगायचे तर तो बरोबर ठरला, याचाच राग होता.

अकराच्या सुमारास त्याच्या मावशीचे बोलावणे आले. "अरे, भिजलात मरे! आत येवा." खाडीत रातोरात परगावच्या कितीतरी होड्या आश्रयाला आल्या होत्या. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या होड्या अशाच देवगडला लागल्या होत्या, असे काका जाळे सांधता सांधता सांगत होते. मावशीला चिंता कापून ठेवलेल्या भाताची. तरी गरम भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला खारा बांगडा आमच्या पानात पडलाच.

जेवताना एका मित्राला कालची गंमत आठवली. त्याने ती रंगवून सांगितली. माझा घास तोंडातच फिरू लागला. काकांनी जाळ्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "दर्याक भियाक होयाच. भियालले म्हणान आमचे म्हातारे म्हातारे झाले."

कुणी काही बोलले नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत राहिला. आमच्यापैकी किती जणांना पुस्तकाबाहेरचा समुद्र ठाऊक होता? मला तर दोनच दिवसांचा!

दुपारी पाऊस जरा ओसरला, तसे किल्ल्यावर गेलो. तिहेरी तटबंदी, खाली फेसाळलेले पाणी. मी मोठ्या ऐटीत सांगू लागलो, की १७५६ साली इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले ते याच बंदरात. तांडेल शांतपणे म्हणाला, "आणि पावसाळ्यात तेच आरमार खाडीत, नाहीतर किनाऱ्यावर ओढलेलं असायचं. आंग्रेसुद्धा वाऱ्याला विचारूनच निघायचे."

इतरांना पुढे जाऊ दिले. क्षमा मागायची सवय नाही, शब्द जुळेनात. शेवटी म्हणालो, "पुढच्या टप्प्यात शिडाचा दोर माझ्याकडे. वारा कसा आहे ते तू सांग."

"आधी बावटा उतरू दे," तो म्हणाला, आणि काल न हसलेले हसू आज हसला.

बावटा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. तिसऱ्या दिवशी निघालो, मालवणला पोहोचलो, हारतुरे झाले, छायाचित्रेही निघाली. पण या सफरीत काय मिळवलेस असे कुणी विचारले, तर मला सिंधुदुर्ग आठवत नाही. न निघालेला तो दिवस आठवतो. एरवी वर्गात पाठ झालेल्या 'शौर्य' या शब्दाचा अर्थ मला जाळे सांधणाऱ्या एका माणसाने वर मानही न करता दुरुस्त करून दिला होता.