नागावात लाईट गेली, कर्सर लुकलुकतच राहिला

लॅपटॉप माझा, टेबल माझं, पण पडद्यावर दिसणारं विंडोज माझ्या घरात नाहीच! ते चालतंय तिकडे ऐरोलीला, कंपनीच्या डेटा सेंटरात, आणि मी बसलोय अलिबागजवळ नागावात, वाडीतल्या ओटीवर. व्हीडीआय म्हणतात याला. आमच्याकडे ते नुकतंच आलंय आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून हेच सांगतोय. बायकोने आता हात जोडलेत.

परवा बिलांच्या शीटमध्ये आकडा भरत होतो. अर्धा टाइप झाला आणि लाईट गेली, वायफाय गेलं. पावसाळ्यात आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, पुन्हा लॉगिन केलं, आणि बघतो तर तोच सेल, तोच अर्धा आकडा, पुढे कर्सर लुकलुकतोय! सेव्हसुद्धा केलं नव्हतं हो! कारण काम माझ्या लॅपटॉपवर चालूच नव्हतं. माझ्याकडे येतं ते नुसतं चित्र, आणि त्यातही पडद्याचा बदललेला तुकडा तेवढाच. माझ्याकडून जातं ते बटण दाबणं आणि माऊस हलवणं. (रेंज पडली की अक्षरं रेंगाळत उमटतात, तेही सांगून टाकतो.)

पण खरी गंमत आयटीतल्या मुलाने दाखवली. तिथे एक ‘गोल्डन इमेज’ असते. विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस, सगळं एकदाच नीट बसवलेली मूळ प्रत. हजारो लोकांचे डेस्कटॉप तिच्यावरूनच निघतात. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ते या एका प्रतीवर लावायचे, तपासायचे, की पुढच्या लॉगिनला सगळ्यांना ताजा डेस्कटॉप! फिसकटलं तर आधीची प्रत परत चढवायची. माझा वॉलपेपर, माझ्या फायली वेगळ्या जागी असतात, म्हणून मला पत्ताही लागत नाही. सकाळी नऊला सगळे एकदम आत शिरले की स्टोरेजला धाप लागते, त्याला ‘बूट स्टॉर्म’ म्हणतात. म्हणून आमची मशीन आधीच उठवून ठेवतात!

हे ऐकताना मला आमचं न्हावा-शेवा आठवलं. २७ जून २०१७ ला नोटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर पाडली आणि उरणच्या त्या बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनीच दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. ४५,०००! व्हीडीआय म्हणजे काही ताईत नव्हे. सर्व्हरच गेले तर आम्ही सगळे एकदमच बसलो. पण सर्व्हर सावरले आणि मूळ प्रत वेगळी, सुरक्षित ठेवलेली असली, तर डेस्कटॉप एकेक करून बसवत फिरायला नको. ऑफिसातल्या टेबलावरच्या थिन क्लायंटवर, म्हणजे नुसतं चित्र दाखवणाऱ्या डब्यावर, नेहमीचं विंडोज नसतंच, मग तिथे बसवायचं तरी काय?

आता माझी नजर माळ्यावरच्या जुन्या पीसीवर गेलीय. चार जीबी रॅम, हार्ड डिस्क कुरकुरते. नुसतं चित्रच दाखवायचं, तर तेवढं त्याला सहज जमेल. परवानगीसाठी आयटीला मेल टाकलाय. उत्तर आलेलं नाही, पण पीसी खाली उतरवून पुसूनही झालाय.