घोडनदीकांठचें निशाण

मुलुंड-घाटकोपराकडे बिऱ्हाड करून राहणाऱ्या कुटुंबांस पुणें कांहीं दूर नाहीं. सुटींत मुलांबाळांसह ती मंडळी नगरच्या वाटेनें रांजणगांवास जातात आणि महागणपतीचें दर्शन घेऊन परततात. आम्ही वाचकांस सुचवितों कीं, तसेंच पुढें जाऊन घोडनदीकांठचें शिरूर पाहावें. एका निशाणाच्या कथेचा धागा तेथें सांपडतो.

१८१७ च्या जूनमध्यें दुसऱ्या बाजीरावांस इंग्रजांशीं पुण्याचा तह करावा लागला. पेशव्यांनीं तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर, इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं, एक घोडदळ उभें राहिलें. तेंच पुढें ‘पूना हॉर्स’ म्हणून प्रसिद्धीस आलें. तहास सात महिनेही लोटले नव्हते, तोंच १ जानेवारी १८१८ रोजीं हेच स्वार शिरूरहून कूच करून कोरेगांवीं पेशव्यांच्याच फौजेसमोर उभे ठाकले. झरीपटका एका बाजूस आणि त्याच दौलतीच्या पैशावर पोसलेले घोडे दुसऱ्या बाजूस! मराठी मनास हें शल्य आजही बोचतें.

१८२० त शिरूरासच मुंबई लष्कराचें तिसरें हलकें घोडदळ उभारण्यांत आलें. १८५६ च्या अखेरीस इंग्रजांनीं इराणवर स्वारी केली, तींत हें घोडदळ होतें. ८ फेब्रुवारी १८५७ रोजीं खुशाब येथें त्यानें इराणी पायदळाचा चौकोनी व्यूह फोडला. लेफ्टनंट मूर व्यूहांत घुसला. त्याचा घोडा पडला, तरवार मोडली. तेव्हां माल्कमसन यानें धांवून जाऊन त्यास बाहेर काढलें. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशीं जें इराणी निशाण हातीं आलें, त्याच्या काठीच्या शिरावर चांदीचा हात असून, देवाचा हात सर्वांच्या हातांवर आहे, अशा आशयाचीं अक्षरें त्यावर कोरलेलीं आहेत. १९२१ मध्यें हें घोडदळ व पूना हॉर्स एकत्र झालीं आणि चांदीच्या हाताचा मान संयुक्त पलटणीकडे आला.

संस्कृतांत ध्वज व पताका यांत भेद करतात. पताका म्हणजे वस्त्र. ध्वज म्हणजे काठी व तिजवरील चिन्ह. भीष्म तालध्वज, अर्जुन कपिध्वज, ते त्या चिन्हांवरूनच. वस्त्र जीर्ण होतें, चिन्ह मागें उरतें. या अर्थानें तो चांदीचा हात खरा ध्वज होय.

आणि त्यावरील अक्षरांचा अर्थ तरी पाहा! झरीपटका उतरला, कंपनीचें राज्य लयास गेलें, १९४७ त इंग्रजांचेंही निशाण खालीं आलें. कोणाचाही हात कायम वर राहिला नाहीं. पलटण मात्र स्वतंत्र हिंदुस्थानाच्या सेवेंत राहिली. घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ च्या युद्धांत तिचे सेनानी, मुंबईंत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, रणांत पडले. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत अवघ्या एकवीस वर्षांच्या अरुण खेत्रपालांनीं देह ठेवला. दोघांसही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें.

परक्या पैक्यानें वा परक्या हुकुमानें उभें राहिलेलें निशाण आपलें कसें म्हणावें, असा प्रश्न घरांतील मुलें विचारतील. त्यांस सांगावें कीं, निशाण कोणी उभारलें हें इतिहास सांगतो. परंतु तें आपलें झालें, तें त्याखालीं आपल्या देशासाठीं पडलेल्यांच्या रक्तानें.