चिठ्ठी सगळ्यांची, नंबर कुणाचा?

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही २००८ साली आलेली कादंबरी मी नृसिंहवाडीत, ऐन पावसाळ्यात, तीन रात्रींत वाचून काढली. मजा आली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या चळवळीत पुस्तक आवडलं असं म्हणायला माणसं कचरतात; ते 'उपयुक्त' आहे असं म्हणतात. एका सहकाऱ्यानं माझ्या हातात ते बघून विचारलंच, "ह्या पोराटोरांच्या इंग्रजी गोष्टीतनं कसलं प्रबोधन होणार?" त्याला तोंडी दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं होतं, ते इथं पूर्ण करतो.

गोष्ट थोडक्यात अशी. उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर त्या जागी पानेम नावाचा देश उभा आहे. कॅपिटॉल ही चकचकीत राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यानं १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची, जिवंत खंडणीच म्हणा ना. चोवीस मुलं एका रिंगणात सोडायची, एक उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं, आणि हे सगळं टीव्हीवर बघणं सक्तीचं. बाराव्या जिल्ह्यात, खाणकामगारांच्या वस्तीत राहणारी सोळा वर्षांची कॅटनिस ही नायिका. बाप कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेलेला. बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते आणि कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. पुढचं सांगत नाही, वाचा.

मला खिळवून ठेवलं ते मारामारीनं नाही, चिठ्ठ्यांच्या हिशोबानं. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळ्यांना नियम सारखा. पण घरात खायला नसेल तर 'टेसेरा' घ्यायची सोय आहे: एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल, बदल्यात तुमच्या नावाची आणखी एक चिठ्ठी. घरातल्या प्रत्येक माणसासाठी वेगळं धान्य घेता येतं, आणि वाढलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी पुसल्या जात नाहीत, त्यात भर पडत जाते. म्हणून सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, आणि तिचा मित्र गेल, वय अठरा, त्याच्या बेचाळीस. त्याच गावच्या महापौराच्या मुलीनं कधी धान्य घेतलेलं नाही. भांडं एकच, हात घालणारी बाई एकच, निवड अगदी 'निःपक्षपाती'. अन्याय कुठं झाला ते कॅमेऱ्यात दिसतच नाही.

हे मी जिथं बसून वाचत होतो ती जागाही तशीच. वाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की ते उत्तरेच्या दारानं दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून माणसं येतात. श्रद्धेनं येणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याच्यावर पेढेवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत कितीतरी घरं चालतात. पण तेच पाणी आणखी चढलं की शिरोळ तालुक्यात माणसं भांडीकुंडी आवरायला लागतात, जनावरं सोडवायला लागतात. २००५, २०१९, २०२१ चे पूर इथं कुणी विसरलेलं नाही. प्रत्येक पुरानंतर एक वाक्य ऐकू येतं: पाण्याला जात नसते, पुरानं सगळ्यांना सारखंच बुडवलं. खरंच सारखं? बहुतेक गावांत आपल्या वस्त्या कुठं आहेत ते चालत जाऊन बघा. ओढ्याच्या काठाला, सखल अंगाला, गावानं जी जागा नको म्हटली तिथं. पाणी तिथं आधी येतं आणि चिखल तिथं शेवटपर्यंत राहतो. पाण्याला जात नसते, जमिनीच्या उंचीला असते. बेचाळीस चिठ्ठ्यांवालं घर पहिल्यांदा बुडतं, आणि पंचनाम्यात नोंद होते 'नैसर्गिक आपत्ती'.

स्पर्धा सुरू होते तो प्रसंग वाचताना मला थेट शाहू महाराजांची पागा आठवली. चोवीस मुलं एका वर्तुळात उभी आहेत, मध्ये अन्न आणि शस्त्रांनी भरलेला सोनेरी शिंगासारखा ढीग. प्रत्येकाचं अंतर अगदी समान. साठ सेकंद थांबायचं, घंटा झाली की धावायचं. पण एक, दोन आणि चार नंबरच्या जिल्ह्यांतली मुलं जन्मभर खाऊनपिऊन, तालीम करून, स्वतःहून आलेली असतात. ढीग त्यांच्याच हाती लागतो. कोल्हापुरात घोड्यांची गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आरक्षणाला विरोध करणाऱ्या सांगलीच्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी पागेत नेलं, सगळ्या घोड्यांसाठी चंदी एकत्र टाकायला लावली, आणि दांडगे घोडे खात असताना अशक्त घोडे कसे मागे राहतात ते दाखवलं, असं सांगतात. २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणाऱ्या राजाला हे शिंग लगेच ओळखू आलं असतं. आज ज्याला 'मेरिट' म्हणतात ते हेच समान अंतर. मुलाखतीत, वादात आपल्या तरुणांची जीभ इथंच अडखळते, म्हणून सांगतो: हा प्रसंग उदाहरण म्हणून वापरा. समोरच्यानं निदान सिनेमा तरी बघितलेला असतो.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती या कादंबरीत वाटेवाटेवर भेटते. बाराव्या जिल्ह्यातसुद्धा खाणवाले आणि दुकानवाले वेगळे. रंग वेगळा, केस वेगळे, सोयरीक होत नाही. कॅटनिसची आई दुकानवाल्यांतली आणि बाप खाणीतला, हे लेखिका ओझरतं सांगते, पण आपल्याला त्यात एक अख्खी कादंबरी दिसते. उपाशी माणसानं अर्धपोटी माणसाचा द्वेष करावा यातच कॅपिटॉलचा फायदा आहे, हे गेलला कळतं. अकराव्या जिल्ह्यातली बारा वर्षांची रू ही गडद तपकिरी रंगाची मुलगी आहे. शेतात राबणाऱ्या त्या जिल्ह्याला स्वतः पिकवलेलं खायची मुभा नाही, खाल्लं तर चाबूक. तोच जिल्हा पुढे एका प्रसंगी दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला, म्हणजे कॅटनिसला, भाकरी पाठवतो. तिथं मी पुस्तक मिटून ठेवलं. मला गंगाराम कांबळेंचं हॉटेल आठवलं. महाराज तिथं थांबून चहा घेत, आणि सोबतच्यांनाही तो घ्यावा लागे. एक पाव, एक कप चहा. उतरंडीला तडा जातो तो अशानं.

या रूवरून एक घाणेरडी गोष्ट घडली. २०१२ ला सिनेमा आला आणि काही चाहत्यांनी ट्विटरवर तक्रार केली की रू काळी का दाखवली. पुस्तकात रंग स्पष्ट लिहिला असूनही त्यांनी तिला मनात गोरी करून घेतलं होतं, तेव्हाच तिच्यासाठी रडू शकले. आपल्याकडे कथेत आडनाव दिलं नसलं की वाचक त्या पात्राला कुठल्या आळीत राहायला नेतो, विचार करा.

आणि निव्वळ हसू आलेला प्रसंगही सांगतो. राजधानीतून आलेली बाई जेवताना कौतुक करते की तुम्हाला रीतभात आहे, गेल्या वर्षीची पोरं रानटी माणसांसारखी हातानं खात होती. कॅटनिस काय करते? उरलेलं सगळं जेवण बोटांनी खाते आणि हात टेबलावरच्या कापडाला पुसते. माझ्या हातात भाकरी होती!

लेखिकेशी माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे, पण तो मोठा आहे. पानेमला विजेचं कुंपण लागतं, बंदूकधारी शिपाई लागतात. बाराव्या जिल्ह्यातलं कुणीही कॅपिटॉलला पवित्र मानत नाही. टाळ्या वाजवा म्हटलं की तिथली माणसं गप्प उभी राहतात. आपल्याकडची व्यवस्था शिपायाशिवाय शतकानुशतकं चालली, कारण कुंपण माणसांच्या डोक्यात होतं आणि त्याला धर्म हे नाव होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीच का जाळावी लागली, याचं उत्तर पानेममध्ये सापडत नाही. तिथं जाळायला पोथीच नाही.

सहकाऱ्यानं परवा पुस्तक मागून नेलं. 'कॅचिंग फायर' हा दुसरा भाग मी वाचायला घेतलाय. आता जिल्हे एकमेकांकडे बघायला लागतील असं वाटतंय.