वाळीत टाकण्याचा हक्क

भारतीय राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्याची हमी दोन अनुच्छेदांत विभागून दिली आहे, आणि या दोहोंत वरवर दिसते तेवढे सख्य नाही. अनुच्छेद २५ व्यक्तीला श्रद्धेचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्याबरोबरच मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्याही अधीन राहून. अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायाला, म्हणजे समान श्रद्धा, स्वतःची संघटना आणि वेगळे नाव असलेल्या समूहाला, धर्मविषयक बाबींतील आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क देतो. तेथे मात्र सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य एवढ्याच मर्यादा सांगितल्या आहेत. एरवी हा फरक पुस्तकी वाटेल, परंतु संप्रदाय आपल्याच एखाद्या सदस्याविरुद्ध उभा ठाकतो तेव्हा त्या माणसाचे उभे आयुष्य या फरकावर अवलंबून राहते.

असा संघर्ष महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वीच न्यायालयात गेला. जातीने किंवा जमातीने एखाद्याला वाळीत टाकले की त्याची सोयरीक तुटते, त्याच्या दारी कार्याला कोणी येत नाही आणि मयताला खांदा द्यायला माणसे मिळत नाहीत, हा अनुभव या समाजाला परका नव्हता. मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४९ मध्ये बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला, तो या अनुभवातून. दिवाणी दाव्याने मिळवता येतील असे हक्क हिरावून घेणारी, समाजातून केलेली कोणतीही हकालपट्टी या कायद्याने अवैध ठरवली आणि ती करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. कायद्याने हिंदू-मुसलमान असा भेद केला नव्हता, आणि त्याचे मोठेपण त्यातच होते.

या कायद्याला आव्हान दिले ते दाऊदी बोहरा समाजाचे ५१ वे दाई-अल-मुतलक सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी. दाई हे पडद्याआड असलेल्या इमामाचे प्रतिनिधी मानले जातात, आणि श्रद्धेपासून ढळलेल्याला जमातीबाहेर काढण्याचा, म्हणजे त्या समाजात ‘बरात’ म्हणतात तो बहिष्कार घालण्याचा, अधिकार त्यांच्या धर्मपदातच अंतर्भूत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ९ जानेवारी १९६२ रोजी हे म्हणणे बहुमताने मान्य करून कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणांसाठी केलेला बहिष्कार हा संप्रदायाची एकजूट राखण्याचा उपाय आहे, सबब तो धर्मविषयक बाबींचा भाग ठरतो, आणि त्यामुळे बहिष्कृताचे नागरी हक्क गेले तरी तेवढ्याने त्याचे धार्मिक स्वरूप बदलत नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता.

बहुमताचा हा युक्तिवाद हलका मानून चालणार नाही. जमातीत कोणाला ठेवावे हे शासन ठरवू लागले, तर एखाद्या लहान अल्पसंख्य पंथाला आपली शिकवण टिकवणेही अशक्य होईल, आणि ज्या हातांनी आज बहिष्कृताला संरक्षण दिले तेच हात उद्या पंथाचा गळा आवळू शकतील. तरीही या निकालात खरा माणूस दिसतो तो सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या एकट्याच्या भिन्नमतात. प्रार्थनास्थळ आणि दफनभूमी यांना मुकलेला माणूस जवळजवळ अस्पृश्यच बनतो, म्हणून हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ च्या आशयाशी सुसंगत आहे, असे त्यांनी मांडले. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले त्या प्रदेशातील वाचकाला हा दुवा समजावून सांगावा लागत नाही.

अडचण मुळात कसोटीची आहे. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून न्यायालये एखादी प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे की नाही हे तपासत आली आहेत, आणि त्यामुळे न्यायाधीशांवर धर्मशास्त्र्याचे काम येऊन पडते, ज्यासाठी ना त्यांचे शिक्षण झालेले असते ना त्यांना तसा अधिकार असतो. अधिक प्रामाणिक प्रश्न वेगळा आहे: या प्रथेमुळे माणूस नेमके काय गमावतो? १९५७ च्या वेंकटरमण देवरू प्रकरणात न्यायालय या प्रश्नाच्या जवळ आले होते. मुल्की येथील गौड सारस्वतांच्या देवळात सर्व हिंदूंना प्रवेश देणे भाग आहे, मात्र काही विशेष विधींपुरती देवस्थानाची मर्यादा कायम राहील, असा निर्णय तेथे झाला. समूहाचा गाभा राखून बाहेरच्याचा सन्मानही राखता येतो, हे त्यात दिसले. बोहरा प्रकरणात ही वाट अवघड होती हे मान्य केले पाहिजे, कारण तेथे निकाह आणि दफन हेच धर्मविधी आहेत. परंतु उपदेशपीठावरून एखाद्याला पाखंडी म्हणणे आणि त्याच्या आईच्या दफनाला जागा नाकारणे यांत जे अंतर आहे, ते ओळखण्यासाठी धर्मग्रंथ चाळावे लागत नाहीत.

१९६२ च्या निकालाचा पुनर्विचार व्हावा म्हणून बोहरा सुधारकांनी १९८६ मध्ये याचिका केली. दरम्यान रायगडमधील गावकीचे बहिष्कार आणि जातपंचायतींचा जाच यांविरुद्धच्या चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा केला, तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला, आणि त्यानेच १९४९ चा जुना कायदा रद्द केला. शिक्षा आता तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण १९६२ चा निकाल उभा आहे तोवर आपला बहिष्कार सामाजिक नसून धार्मिक आहे असे म्हणण्याची मुभा कोणत्याही धर्मगुरूला आहे, आणि या नव्या कायद्याचा कस तेथेच लागणार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल घटनात्मक नैतिकतेच्या, म्हणजे समता आणि प्रतिष्ठा या घटनेच्या मूल्यांच्या, कसोटीवर पुन्हा पाहिला पाहिजे असे नोंदवून प्रकरण नऊ न्यायाधीशांकडे सोपवले. सिन्हांचे भिन्नमत त्या पीठाने बहुमताच्या तोडीने वाचावे, ही अपेक्षा रास्त आहे.